शुद्ध हवेचा त्रास

शुद्ध हवेच्या गावात राहून ज्याचं नाक बंद असतं, त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. मुंबईच्या माणसाला सर्दी झाली की लोक धुराला, बांधकामांना, सरकारला शिव्या घालतात. इगतपुरीच्या माणसाला झाली की, "तुला कशी काय? तू तर इगतपुरीला राहतोस!" असं म्हणून संशयानं बघतात. हवा चांगलीच आली होती, यानंच ती नीट घेतली नसणार, असा एकंदर सूर असतो.

शनिवारी सकाळी मुंबईहून येणाऱ्या कुठल्याही गाडीच्या दारात उभं राहा. कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात, कारण पुढचा थळ घाट 37 फुटांना एक फूट चढतो आणि एकट्या इंजिनाचं ते काम नाही. बोगदा संपून हिरवी दरी उघडली की दारातले मुंबईकर डोळे मिटून छातीभर श्वास घेतात. "काय हवा आहे यार!" त्यांच्या मागे मी उभा असतो. डोळे माझेही मिटलेले असतात. शिंक येतेय की परत जातेय, याचा अंदाज घेत. हमरस्त्याला आता सेकंड होमच्या पाट्या लागल्यात. निसर्ग, हिरवाई, मोकळा श्वास, आणि खाली चौरस फुटाचा भाव. त्या पाटीखाली स्कूटर थांबवून नाक शिंकरणारा माणूस दिसला, तर तो मी. बिल्डरनं मला तिथून हटवायला पैसे द्यायला हवेत.

ही जी हवा सगळे पोटभर घेतात, तिच्यात काय असतं ते कुणी विचारत नाही. इथं पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसावर डोंगर, बांध, रुळांच्या कडा, भिंतींच्या फटी, मिळेल तिथं गवत उगवतं, आणि भाद्रपदाच्या सुमारास ते फुलोऱ्यावर येतं. गवताच्या फुलाला रंग नाही, वास नाही, मध नाही. फुलपाखरू त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. मग लग्न जमवायचं काम ते वाऱ्यावर सोपवतं, आणि वाऱ्याइतका बेजबाबदार मध्यस्थ दुसरा नाही. एका फुलासाठी निघालेली स्थळं तो अख्ख्या तालुक्यात वाटत सुटतो. त्यातली बरीचशी माझ्या नाकाच्या पत्त्यावर येतात. नाकाला वाटतं, दरोडा पडला. मग पाणी, सूज, खाज, शिंका, जे जे हाताशी आहे ते सगळं ते त्या कणांवर सोडतं. परागकण बिचारा निरुपद्रवी. नासधूस होते ती घरच्यांचीच.

बरं, गवत संपलं की सुटका, असंही नाही. गवताच्या आधी जून-जुलैत भिंतींना बुरशी येते, गोधड्यांना कुबट वास येतो (म्हणे; मला कुठला यायला), आणि गाद्यांत धुळीतले किडे सुखानं नांदतात. दिवाळीच्या आगेमागे भाताची झोडणी सुरू होते आणि खळ्यावरचा भुसा उडून सरळ घरात येतो. उरलेल्या दिवसांची सोय गाजरगवतानं केली आहे. हे अमेरिका खंडातलं तण 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं आणि बघता बघता देशभर पसरलं. काही ठिकाणी त्याला चटकचांदणी म्हणतात. एवढं लाडकं नाव माझ्या कुठल्याही शत्रूला मिळालेलं नाही.

माझी शिंक एकटी येत नाही. ती कुटुंबासह येते. आमच्याकडे बाहेर निघताना कुणी शिंकलं तर बसून पाणी प्यायचं आणि मग निघायचं, अशी पद्धत. हा नियम काटेकोरपणे पाळला असता तर सप्टेंबर ते नोव्हेंबर घरातलं कुणी उंबरा ओलांडू शकलं नसतं. शेवटी वडिलांनी तोडगा काढला: माझी शिंक धरायची नाही. पण पाहुण्यांना हे ठाऊक नसतं. चुलतबहिणीच्या बैठकीत देण्याघेण्याचं सगळं जुळून येऊन मुलाचे मामा "मग ठरलं तर" म्हणाले, आणि नेमका मी सुरू झालो. मामांचा चेहरा उतरला. आत्यानं मला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि कडी लावली. लग्न झालं, सुखाचं झालं. तरी त्या घरी काही बिनसलं की अजून माझं नाव निघतं.

औषधं सांगणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पोट साफ आहे का?" तुमचं नाक गळत असो, डोळे सुजलेले असोत, चौकशी पोटापासूनच सुरू होते. ते साफ आहे म्हटलं की समोरचा जरा नाराज होतो, पण सावरतो. शेजारच्या काकू तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी करतात आणि स्वतः येऊन माझ्या नाकाला लावतात. हळकुंड जाळून त्याचा धूर एका नाकपुडीनं ओढायचा, हा आत्याचा उपाय. नाकपुडी बंद असताना धूर ओढायचा कसा, हे विचारणं उद्धटपणा ठरतो. रात्री झोपताना गाईच्या तुपाचे दोन थेंब नाकात. स्टँडवरचे रिक्षावाले मामा ब्रँडी सांगतात. नाकात की पोटात, तेवढं मात्र सांगत नाहीत. आणि ज्याला कशाचंच काही माहीत नाही तो म्हणतो, "हवापालट कर. थंड हवेच्या ठिकाणी जा." इगतपुरीच्या माणसाला!

यात मी नेतीला मानतो. मीठ घातलेलं, उकळून कोमट केलेलं पाणी तोटीच्या लोट्यानं एका नाकपुडीतून घालायचं, ते दुसरीतून बाहेर येतं. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत नाकात दोरा घालायची सूत्रनेती आहे. त्या मानानं पाण्याची नेती सौम्य, आणि आजचे डॉक्टरही मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगतात. अडचण एवढीच की दोन्ही बाजूंचे रस्ते बंद असले तर आत गेलेलं पाणी तिथेच कुठेतरी मुक्काम करतं. ते बाहेर यायची वेळ ते स्वतः ठरवतं. एकदा सकाळी नेती करून मी सासुरवाडीला गेलो होतो. सासरे चपला काढून पाटावर बसलेले. मी वाकलो, त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं, आणि सकाळपासून दडलेलं सगळं पाणी एकदम त्यांच्या पायांवर आलं. जावई भावनाविवश झाला असं त्यांना वाटलं. त्यांनी मला उठवून पाठीवर थोपटलं आणि स्वतःचेही डोळे पुसले. आजतागायत मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

डॉक्टरी औषधांचंही एकेक आहे. सेटिरिझिन घेतली की नाक थांबतं, पण त्याबरोबर मीही थांबतो. नाशिकरोडला उतरायचं म्हणून बसलेला माणूस मनमाडला जागा होतो. झोप न आणणारी फेक्सोफेनाडिन आली तेव्हा बरं वाटलं. पण ती संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात नीट उतरत नाही, आणि सर्दीच्या माणसाला आमच्याकडे हटकून संत्र्याचा रस पाजतात, व्हिटॅमिन सी म्हणून. नाकात घालायचे थेंब म्हणजे तर वेगळंच व्यसन. ते मिनिटभरात नाक उघडतात आणि माणूस कृतार्थ होतो. मात्र चार-पाच दिवसांपलीकडे घेत राहिलं तर थेंबांचा अंमल उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट बसतं. माझ्या ओळखीचे एक सद्गृहस्थ आहेत, निर्व्यसनी, चहासुद्धा घेत नाहीत. शर्टाच्या खिशात ती बाटली नसेल तर अर्ध्या रस्त्यातून घरी परततात.

या सगळ्यात माझं गाव कुठलं, हे विसरून चालणार नाही. जगाच्या नकाशावर इगतपुरीला ओळखतात ते श्वासासाठी. धम्मगिरीला 1976 पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. जपानपासून ब्राझीलपर्यंतची माणसं दहा दिवसांसाठी येतात, मौन पाळतात, पहाटे चारला उठतात, आणि पहिले तीन-साडेतीन दिवस एकच काम करतात: नाकाच्या दाराशी बसून येणारा-जाणारा श्वास बघणं. श्वास डाव्या नाकपुडीतून येतोय तर डावीतून, उजवीतून येतोय तर उजवीतून. आहे तसा, ढवळाढवळ न करता. निरोगी माणसाचीसुद्धा एका वेळी एक नाकपुडी जरा जास्त मोकळी असते आणि काही तासांनी पाळी बदलते, म्हणजे बघण्यासारखं काहीतरी असतं. माझ्या दोन्ही नाकपुड्या ऐन हंगामात एकदम संपावर जातात. तरी मी बसलो. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर जगभरचे लोक श्वास बघायला येतात आणि आपण तो तोंडानं घेतोय, हे मनाला लागलं होतं.

सूचना ध्वनिफितीवर येतात, विपश्यनेचे गुरू सत्यनारायण गोयंका यांच्या खोल, संथ आवाजात. मग शांतता. शेकडो माणसं एका सभागृहात, आणि पंख्याशिवाय कशाचाही आवाज नाही. मी नाकाच्या दाराशी पहारा बसवला. येणार कुणी नव्हतं. जाणारं मात्र सारखं होतं. तो श्वास नव्हता एवढंच. पहिली शिंक मी दाबली. दाबलेली शिंक कानात जाते. दुसरी मानेत गेली. तिसरी मात्र दाबाला जुमानणारी नव्हती. ती सभागृहभर फिरून परत माझ्याकडे आली. मौन असल्यानं कुणी काही बोललं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. एका माणसानं तरी रागानं बघायला हवं होतं. इतकी सामुदायिक क्षमा सहन होत नाही. मग अधिष्ठान सुरू झालं. एक तास हलायचं नाही, हात उघडायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. अंगावर जी संवेदना उठेल ती नुसती बघायची, कारण ती उठते आणि जाते, अनित्य आहे. गुडघ्याची कळ खरंच गेली. पाठीची गेली. नाकाच्या शेंड्यावरची खाज बघत बसलो, तर ती मला बघत बसली. अनित्यतेच्या नियमाला माझ्या नाकाचा अपवाद असावा अशी शंका यायच्या आत एक थेंब वरच्या ओठावर आला आणि तिथून निघाला. तो हनुवटीपर्यंत पोचेस्तोवर मी त्याला समतेनं पाहिलं. आयुष्यात इतक्या सावकाश दुसरं काहीच पाहिलेलं नाही.

गोयंका स्वतः या मार्गाला आले ते अर्धशिशीपायी, हे मला ठाऊक होतं, आणि त्याच आशेवर मी गेलो होतो. ब्रह्मदेशात त्यांचं डोकं इतकं दुखायचं की मॉर्फिन घ्यावं लागायचं. 1955 मध्ये ते उ बा खिन यांच्याकडे गेले आणि आजारासाठी आलोय म्हणाले, तेव्हा गुरूंनी त्यांना आधी परतच लावलं. ही विद्या डोकेदुखीसाठी नाही, म्हणाले. जिथं अर्धशिशीला दार उघडत नाही तिथं शिंकेची काय कथा! पण दहा दिवसांनी एक फरक पडला, तो कबूल करायला हवा. शिंका तेवढ्याच होत्या. आता मी त्यांच्यावर चिडत नव्हतो. घरचे चिडत होते. त्यांनी कोर्स केला नव्हता.

ही व्याधी जगापुढे मांडली ती लंडनच्या जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरनं. 16 मार्च 1819 ला त्यानं डॉक्टरमंडळींसमोर एका रोग्याची हकीगत वाचली: जे. बी., वय 46, दर वर्षी जूनमध्ये डोळे चुरचुरतात, शिंका, दम लागतो. हा जे. बी. म्हणजे तो स्वतःच. आपलं रडगाणं कुणी ऐकून घेत नाही म्हटल्यावर ते परक्याचं म्हणून ऐकवायची ही युक्ती मला फार आवडली. त्यानं काय काय केलं नव्हतं! रक्त काढून घेतलं, जुलाब घेतले, अफू घेतली, पारा घेतला, थंड पाण्यानं आंघोळी केल्या. आमच्या काकू त्या काळी लंडनला असत्या तर ओव्याची पुरचुंडीही झाली असती. पुढं नऊ वर्षं शोधून त्यानं अठ्ठावीस रोगी गोळा केले आणि लिहून ठेवलं की गरिबांत हा रोग आढळत नाही. दोनशे वर्षांनी आमचे घोटीकडचे काका, भात लावता लावता, नेमकं हेच म्हणतात: "आम्हाला नाही बाबा होत असलं काही. तुमच्या शहरातल्या लोकांचे चोचले."

गवताचा गुन्हा सिद्ध केला तो मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीनं. गवताचा फुलोरा हुंगून स्वतःवरच त्रास ओढवून घेतला, पतंगांना चिकट काचा लावून वरच्या हवेतले परागकण धरले, आणि 1873 मध्ये पुस्तक लिहिलं. पतंग उडवून संशोधन करणारा डॉक्टर मला पूज्य आहे. मात्र त्याच्या आधीच्या श्रीमंत रोग्यांना उपाय सापडलेला होता. 1827 मध्ये लंडनच्या 'टाइम्स'नं बातमी दिली की डेव्हनशरचा ड्यूक या त्रासापायी दर वर्षी समुद्रकाठच्या एखाद्या गावी पळतो. म्हणजे मुंबईकर हवापालटाला इगतपुरीला येतात आणि शास्त्राप्रमाणे मी हवापालटाला दादरला जायला हवं. जातोही. चौपाटीवर, समुद्रावरून वारा येत असताना, माझं नाक लख्ख मोकळं होतं. आणि त्या मोकळ्या नाकाला पहिला वास येतो तो चौपाटीचा. तूर्त त्याहून जवळची सोय झाली आहे. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यात डोंगराच्या पोटातून जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. आठ किलोमीटर गवताची एक काडी नाही. बाकीचे लोक बोगदा संपायची वाट बघतात. मी गाडी हळू चालवतो.

शेवटी नाशिकच्या एका तज्ज्ञांनी त्वचेची चाचणी करायला सांगितली. तिच्या आधी आठवडाभर गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. तो आठवडा मी कसा काढला हे घरच्यांनी सांगावं. हातावर पेननं ओळी आखतात, प्रत्येक ओळीत एकेका पदार्थाचा थेंब ठेवतात आणि त्या थेंबातून बारीक सुई टोचतात. तुलनेसाठी एक थेंब हिस्टामिनचा, तो सगळ्यांना फुगतोच. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो कुणाला फुगत नाही. मग पंधरा-वीस मिनिटं खाजवायचं नाही. इथं विपश्यना कामी आली. बघता बघता हातावर गांधी उठल्या. बुरशी, धुळीतला किडा, गाजरगवत, सगळे आपापल्या जागी लालबुंद, आणि एक गांधी सगळ्यांत मोठी, अगदी आठ आण्याएवढी. ती कुणाची म्हणून विचारलं. सिस्टर कागद बघून म्हणाल्या, "सायनोडॉन डॅक्टिलॉन." म्हणजे? डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "दूर्वा."

मला भाद्रपदाचा सगळा उलगडा झाला. दहा दिवस घरात दूर्वांच्या जुड्या निवडल्या जातात, आरतीला मी सगळ्यांत जवळ उभा असतो, आणि टाळ्यांच्या तालात शिंका देतो. ज्या देवाला इतकं मोठं नाक, त्याला हे गवत सर्वांत प्रिय; माझ्या एवढ्याशा नाकाला ते चालत नाही. पण आजी दूर्वा निवडताना म्हणायची, कोवळ्या घ्या, फूल आलेल्या घेऊ नका. त्रास पात्यानं होत नाही, फुलोऱ्यातल्या परागानं होतो. हा नियम घालून देणाऱ्या शास्त्रकाराचंही नाक माझ्यासारखंच असावं अशी माझी खात्री आहे. डॉक्टरांनी चाचणीखाली लिहून दिलं: गवत, धूळ, ओल टाळावी. मी पत्ता सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग लिहिलेलं खोडलं.

त्यांनी स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा दिला: गवत फुलायच्या दोन आठवडे आधीपासून, रोज, नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता कानाच्या दिशेनं. त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात. ओवा, हळद, ब्रँडी यांपैकी कुणी इतकं कमी आश्वासन दिलेलं नव्हतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. जोडीला इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याचा त्रास त्याचाच अर्क, आधी नगण्य मात्रेत, मग वाढवत वाढवत, निदान तीन वर्षं. 1911 मध्ये लेनर्ड नून यानं गवताच्या परागाचीच इंजेक्शनं देऊन ही वाट पाडली. आमच्याकडे त्याची बाटली फ्रिजमध्ये, लोणच्याशेजारी असते. वडिलांनी तिची किंमत वाचली, त्यातला ऐवज कशाचा ते विचारलं, आणि मागच्या दारी जाऊन कुंपणापर्यंत माजलेलं ते सगळं गवत बराच वेळ बघत उभे राहिले.

या हंगामात मला फरक पडला. शिंका येतात, पण कुटुंबासह येत नाहीत. घोटीच्या इंद्रायणी भाताचं झाकण काढलं की सगळे "वा" म्हणतात आणि मी त्या भाताचं नुसतं दर्शन घेतो, असं पूर्वी होतं. यंदा एका दुपारी तो वास मला आला आणि मी चक्क वाढून घ्यायचं विसरलो. बातमी पसरली. काकूंनी ओव्याला यश आलं म्हणून पेढे वाटले. आत्याच्या मते हळकुंड. सासरे म्हणाले, नेतीनं माणूस आतून हळवा होतो, मग आजार टिकत नाही. रिक्षावाले मामा नुसते डोळा मारतात.

परवा पुण्याहून मावसभावाचा फोन आला. त्याचंही नाक सुरू झालंय. "तुला नक्की कशानं गुण आला ते सांग, लिहून घेतो." बायकोनं फोन स्पीकरवर टाकला आणि घरात होते तेवढे सगळे एकदम बोलायला लागले. पोट साफ आहे का, इथपासून सुरुवात झाली. मी फवाऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडलं. रात्री त्याचा मेसेज आला: ओवा, हळकुंड, तूप, नेती सगळं लिहून घेतलंय, उद्यापासून सुरू करतो, फक्त तू काय घेतोस ते कळलं नाही, मध्येच कोणीतरी सारखं शिंकत होतं.